बंजारा कशिदा घरी करायचा, तर खर्च किती?

कवड्या, आभले आणि घुंगरू लावलेला एक लहान बटवा घरी करायला साधारण दीडशे रुपयांचं सामान लागतं. तोच बटवा कुणी तीनशेला विकत असेल तर सामानाच्या दुप्पट भाव ठीकच आहे, असं आपल्याला वाटतं. पण त्या बटव्यावर सराईत बाईचेही दोन दिवस जातात. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे नुसती मजुरीच ६२४ झाली. म्हणून पुढे प्रत्येक वस्तूचे दोन हिशेब दिले आहेत: दुकानात मोजायचे पैसे आणि हाताने मोजायचे दिवस. दुसरा हिशेब न केल्यामुळेच घरोघरी अर्धवट भरलेले रुमाल कपाटाच्या तळाशी सापडतात.

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवी इथे आहे. रामनवमीला मोठी यात्रा भरते, १५ फेब्रुवारीला सेवालाल जयंती होते. या दोन्ही वेळी तांड्यातांड्यांतून माणसं येतात आणि वयस्क बायकांच्या अंगावर अजूनही फेटिया, काचळी आणि डोक्यावरून सोडलेली छांटिया दिसते. घेरदार घागरा, पाठीवर बांधायची चोळी आणि ओढणी. तिन्हींवर आभले, कवड्या, शिक्के. हा कशिदा शिकायचा तर पहिला धडा फुकट मिळतो, तो इथे.

आधी पाहा, मग पैसे काढा

सुई घेण्याआधी नमुना डोळ्यांत बसला पाहिजे. बाजारात आणि ऑनलाइन 'बंजारा वर्क' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं कच्छी धाटणीचं असतं: फुलं, वेली, मोर, हत्ती. बंजारा कशिद्याचा स्वभाव वेगळा आहे. चौकोन, त्रिकोण, शंकरपाळ्याचे आकार, तिरक्या रेषा, एकाला एक लागून भरत गेलेल्या सरळ ओळी, आणि कडेला कवड्यांची रांग. ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर लदेणी करणारी. गोण्या आणि पिशव्या टिकाव्यात म्हणून दाट टाका घालायचा, आणि हाती आलेलं नाणं-कवडी त्यालाच जडवायची, हे त्या जगण्याशी जुळणारं होतं. नवख्या माणसाचा यात फायदाच आहे. मोराची मान वाकडी झाली तर लगेच दिसते. चौकोन मात्र पट्टी आणि खडूने आखून कुणालाही भरता येतो.

पोहरादेवीत नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा वारशाचं संग्रहालय झालं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दर्शनाला गेलात तर तेही पाहून या. यात्रेत एखाद्या आजीच्या काचळीचा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारा. 'याडी' (म्हणजे आई) म्हणून हाक मारली तर बहुधा टाक्याचं नावही कळेल आणि तो कसा घालतात हेही.

दुकानातली यादी

हे सामान एकाच दुकानात मिळत नाही. कापड कापडवाल्याकडे, दोरा-सुई-चेन कटलरीच्या किंवा टेलरिंग मटेरियलच्या दुकानात, कवड्या तिसरीकडे. मानोरा, दिग्रस, कारंजा, पुसद, वाशिम, जे जवळ पडेल तिथे बाजाराच्या दिवशी एकच फेरी मारा. पन्नास रुपयांच्या दोऱ्यासाठी तीनदा एसटीने गेलात तर सगळा हिशेब कोसळतो. खालचे भाव तालुक्याच्या गावातल्या किरकोळ दुकानांचे, अंदाजे आहेत. दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरा.

वरच्या बाजूला जाडसर, सरळ विणीचं सुती कापड हवं. केसमेंट १२० ते १८० रुपये मीटर, खादी त्याहून महाग. अस्तराला मांजरपाट ७० ते १००. लाल किंवा गडद निळा हा मूळ रंग धरा. वर पिवळा, हिरवा, पांढरा दोरा उठून दिसतो. सिंथेटिक कापड स्वस्त मिळालं तरी नको. त्यावर आभला बसत नाही, टाका सरकतो. कटपीसच्या ढिगात अर्धा-पाऊण मीटरचे सुती तुकडे निम्म्या भावात मिळतात, आणि बटव्यासाठी तेवढे पुरतात. ओळखीच्या शिंप्याकडच्या चिंध्या तर फुकट.

कापड आणल्यावर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा, इस्त्री करा. नवं सुती कापड आटतं. कशिदा भरल्यावर आटलं तर आभल्यांभोवती सुरकुत्या पडतात आणि त्या पुन्हा निघत नाहीत. रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. मीठ टाकल्याने रंग पक्का होतो, ही समजूत सोडून द्या. फडक्याला लाल लागला तर ते कापड बदलून आणा. एवढ्यासाठी तरी बिल घ्या.

दोऱ्यात काटकसर करू नका. नावाजलेल्या कंपनीची सुती कशिद्याची लडी १२ ते १५ रुपयांना पडते. तिच्यात ८ मीटर दोरा असतो, आणि तो सहा पदरी. तीन पदर वेगळे काढून वापरलेत तर कामाला १६ मीटर मिळतात. त्यामुळे ती वाटते तेवढी महाग नाही. 'रेशमी' म्हणून मिळणारा चमकदार गुच्छा पाच-सात रुपयांना मिळतो. तो खरं तर रेयॉन असतो, सुईच्या नेढ्यात पिंजतो आणि धुतल्यावर मान टाकतो. लडीवर लांबी छापलेली असते, ती वाचा. लांबीचा पत्ता नसलेली लडी स्वस्त कशी, हे त्यातच कळतं.

लाकडी रिंग ५० ते ७० रुपये. प्लॅस्टिकची त्याहून स्वस्त, पण तिची पकड लवकर सुटते. सुयांचं पाकीट २० रुपये. त्यातली मोठ्या नेढ्याची घ्या. घुंगरांचं पाकीट ६०च्या आसपास. गोंड्यांसाठी लोकरीचा एक गुंडा ३० रुपयांना. कवड्या मात्र पूजासाहित्याच्या दुकानातून आणू नका. तिथे त्या लक्ष्मीच्या म्हणून नगावर विकतात आणि एकेकीचे पाच-दहा रुपये घेतात. हस्तकलेच्या सामानात शंभराच्या पाकिटात त्या दोन रुपयांना एक पडतात. पाठ घासून सपाट केलेल्या आणि भोक पाडलेल्या मागा. न घासलेली कवडी कापडावर बसत नाही, डोलते, आणि घरी भोक पाडताना चारातली एक फुटते.

ही सगळी पहिली खरेदी, म्हणजे वरचं कापड आणि अस्तर अर्धा-अर्धा मीटर, आठ लड्या, सुया, रिंग, आभल्यांचं एक पाकीट, पन्नास कवड्या, घुंगरू आणि लोकर, साडेपाचशे ते सहाशेत बसते. रिंग आणि सुया पुढे वर्षानुवर्षं चालतात.

आभला: स्वस्त, पण महागात पडणारा

पाकीट पन्नास रुपयांचं, त्यात पन्नासेक आभले. म्हणजे एकाला एक रुपया. पण घरी केलेल्या वस्तूचं सगळ्यात आधी काही बिघडत असेल तर ते इथेच: आभला निखळतो आणि मागे दोऱ्याचं रिकामं भोक राहतं.

दोन प्रकार मिळतात. काचेचा आभला जड, त्याची चमक खोल, पण कड धारदार. ती कड महिन्या-दोन महिन्यांत दोरा कापते. बारीक पॉलिश पेपर ओला करून कड हलकी घासून घेतली तर हा प्रश्न बराचसा मिटतो. एका आभल्याला अर्धं मिनिट. प्लॅस्टिकचा आभला हलका, दोरा कापत नाही, पण धुता-धुता धुरकट होतो. तोरणाला काचेचा, रोज वापरायच्या पिशवीला प्लॅस्टिकचा, असं माझं मत. लहान मूल असलेल्या घरात तर प्लॅस्टिकचाच. भोवती दोऱ्याचं तयार कडं असलेला तिसरा प्रकारही मिळतो. तो नुसता टाचायचा असतो. वेळ वाचतो, पण मग बंजारा कशिदा म्हणू नये.

पद्धत अशी. आभला जागेवर ठेवून त्याच्या अंगावरून दोन उभे आणि दोन आडवे टाके घ्या, म्हणजे चौकट होते. मग तशीच दुसरी चौकट तिरकी. हे टाके घट्ट ओढायचे. पुढची सगळी मदार त्यांच्यावर असते. नंतर त्या चौकटीला धरून गोल काजटाका घालत जायचं, तसतसे मधले टाके कडेकडे ओढले जातात आणि मध्ये काच उघडी राहते. गोंद लावून वर टाका घालण्याची युक्ती व्हिडिओंत दाखवतात. गोंद काही दिवसांनी पिवळा पडतो आणि सुईही अडते. नकोच.

सुरुवात कशापासून?

बटव्यापासून. अर्ध्या मीटर कापडात चार बटवे निघतात, तेव्हा एका बटव्याला कापड-अस्तर ३० रुपयांचं, चार लड्या ६० रुपयांच्या, दहा आभले १०, बारा कवड्या २४, घुंगरू १०, नाडी-गोंड्याला १५. एकूण १४९. शिलाई हातानेच, उलट्या टिपेने. टेलरची गरज नाही. सराईत हाताला दोन दिवस, नवख्याला चार. पहिल्या बटव्यावर फक्त तीनच टाके वापरा: कडेला साखळी, आत धावदोऱ्याच्या दाट ओळी, आभल्याला काजटाका. एवढ्यात तो बंजारा दिसतो.

पुढची पायरी उशीचा चौकोनी अभ्रा. कापड ८० रुपयांचं, सहा लड्यांचे ९०, सोळा आभल्यांचे १६, चेन १५ आणि ती बसवून कडा शिवायला टेलरला ५०. अडीचशेच्या आसपास जातात. काम तीन दिवसांचं, तेही फक्त मधला चौकोन भरला तर. सगळा अभ्रा भरायचा मोह होतो. भरू नका, डोकं टेकायची वस्तू आहे, कवड्या-आभले गालाला टोचतात. कवड्या इथे अजिबात नकोत.

दाराचं मीटरभर लांब तोरण हा खरा मोठा डाव. कापड-अस्तर १२०, दहा लड्या १५०, आभले २५, चाळीस कवड्यांचे ८० आणि घुंगरांचे ४०, मिळून ४१५ रुपये. दिवस मात्र पाच. मजुरी धरली तर १,९७५, म्हणजे दोन हजारांच्या घरातली वस्तू. प्रदर्शनात असं तोरण बाराशेला दिसलं आणि ते खरंच हातचं असेल, तर त्या बाईची मजुरी रोजगार हमीच्याही खाली गेली आहे.

गोधडीचा खर्च जवळजवळ नाहीच. चार-पाच जुन्या सुती साड्या घरातल्या, जाड दोऱ्याची रिळं दीडशे रुपयांची. पण दुपारच्या फावल्या वेळात शिवलीत तर महिना सहज जातो. वर बंजारा धाटणीचे चौकोनी तुकडे जोडायचे असतील तर ते चिंध्यांतून जोडा. गोधडीवर आभले लावणाऱ्यांनी ती स्वतः एक रात्र पांघरून पाहावी.

घरातली जुनी काचळी

अनेक घरांत आजीची काचळी किंवा फेटियाचा पट्टा ट्रंकेत असतो. तो कापून पर्स किंवा उशी करायची कल्पना दिसायला छान आणि व्यवहारात मूर्खपणाची आहे. जुन्या बंजारा कापडांचे देशविदेशांत संग्राहक आहेत. त्यावरचे चांदीचे शिक्के आणि हाताचं काम, दोन्हींना किंमत आहे, आणि कापल्यावर दोन्हींची जाते. बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात तर ती मुळीच देऊ नका. उन्हात न ठेवता, मलमलीत गुंडाळून, डांबरगोळी थेट न लावता ठेवा. खर्च शून्य. नमुना हवा असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून उतरवून घ्या.

शिकवणी आणि मशीन

ऑनलाइन मिळणारं 'किट' चारशे ते नऊशेला असतं. आत छापलेलं कापड, पाच-सहा लड्या, एक सुई आणि रिंग. हेच सामान सुटं घेतलं तर निम्म्यात येतं. त्यापेक्षा तांड्यातल्या एखाद्या जाणत्या बाईकडून दोन-तीन दिवस शिका. तिला दिवसाची मजुरी ३१२च्या खाली देऊ नका. ती तिचं शेतावरचं किंवा घरचं काम सोडून बसलेली असते, आणि चहापाण्याला मजुरी म्हणायची आपली सवय वाईट आहे. दोघी-तिघींनी मिळून शिकलात तर प्रत्येकीला दिवसाचे दीड-दोनशेच पडतात आणि तिलाही बरे पैसे मिळतात.

वरच्या कोणत्याही वस्तूला शिलाई मशीन लागत नाही. घेतलंच तर पायाचं साधं मशीन टेबलासकट सात ते दहा हजारांत येतं, मोटर बसवायला वर हजार-दीड हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. दुकानदार जुना भाव सांगत असेल तर पक्कं बिल मागून त्यावरचा कर पाहा. 'कशिदा करणारं' म्हणून विकलं जाणारं महागडं संगणकी मशीन या कामाला निरुपयोगी आहे. ते कवडी लावत नाही.

विकायच्या हेतूने करणार असाल तर दोन सरकारी गोष्टी माहीत हव्यात. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ कारागिरींत शिंपीकाम आहे. कशिदा वेगळा धरलेला नाही, पण कपडे शिवणाऱ्या बाईला अर्ज करता येतो. १५,००० रुपयांपर्यंतचं अवजारांचं व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. घरटी एकालाच लाभ. नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि तिला पैसे लागत नाहीत. कुणी 'फॉर्मचे पाचशे' मागितले तर उठून या. दुसरं, हस्तशिल्प विकास आयुक्तांचं 'पहचान' हे कारागीर ओळखपत्र. सरकारी हस्तकला मेळ्यांत जागा मिळवताना ते कामी येतं.

विकत घेताना

वस्तू उलटी करून पाहा. हाताच्या कामात मागे गाठी असतात, टाक्यांची लांबी थोडी कमी-जास्त असते. मशीनच्या कामात मागे पांढऱ्या बारीक दोऱ्याचं एकसारखं जाळं आणि बहुधा कागदी बकरम दिसतं. आभल्याभोवतीचं कडं नखाने हलवा. सगळं कडं एकदम फिरलं तर ते चिकटवलेलं आहे. मशीनची वस्तू घेऊ नये असं नाही. दीडशेला मिळत असेल तर खुशाल घ्या. हाताची म्हणून सहाशेला घेऊ नका.

'जीआय टॅग'ची चिठ्ठी दाखवली तर वाचून घ्या. भौगोलिक मानांकन आहे ते कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी कशिद्याला. लंबाणी म्हणजे तिकडचे बंजाराच, आणि त्यांच्या टाक्यांना मकी, कौडी, रेलो, पोटे अशी नावं आहेत. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या सांस्कृतिक गटाच्या बैठकीच्या वेळी लंबाणी कशिद्याच्या १,७५५ वस्तू मांडून गिनेस विक्रम झाला. पण ते मानांकन सांडूरचं आहे. वाशिम-यवतमाळमध्ये केलेली वस्तू त्या नावाने जास्त भावात विकता येत नाही, आणि त्या चिठ्ठीवाचूनही इथलं काम कमी ठरत नाही.

ऑनलाइन मागवलंत तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. फुटलेल्या आभल्यांची तक्रार त्याशिवाय कुणी ऐकत नाही. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं.

फेटिया-काचळीचा पूर्ण वेष घरी करायला घेऊ नका. घागऱ्याचा घेर, पट्ट्यांचे जोड, काचळीची बेतणी, प्रत्येकात वेगळं कसब आहे आणि काम महिनोन्‌महिने चालतं. लग्नासाठी किंवा मुलीच्या नाचासाठी हवा असेल तर निदान सहा महिने आधी तांड्यात सांगून ठेवा. कापड-दोरा तुम्ही आणून द्या, मजुरी दिवसांवर ठरवा, आणि निम्मे पैसे आधी द्या.